आत कोण, बाहेर कोण : अमेरिकन सोरॉरिटीच्या ‘रश’चा इतिहास



ऑगस्टमध्ये आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्यांची धामधूम असते. कुणाला कोणती शाखा मिळाली, कुणी सीट फ्रीझ केली, कुणी पुढच्या फेरीसाठी थांबले, याच गप्पा. त्याच दिवसांत अमेरिकेतल्या, विशेषतः दक्षिणेकडच्या मोठ्या विद्यापीठांत, आणखी एक निवड चाललेली असते. तिथल्या मुलींना विद्यापीठात प्रवेश आधीच मिळालेला असतो. फी भरलेली असते, खोलीही मिळालेली असते. तरीही शेकडो, काही ठिकाणी दोन हजारांहून अधिक नव्या मुली आठवडाभर उन्हातून घरोघर फिरतात, हसून बोलतात, आणि उद्या आपल्याला परत कोण बोलावते याची रात्रभर वाट बघतात. या प्रक्रियेचे अधिकृत नाव आता ‘रिक्रूटमेंट’ असे आहे. बोलण्यात मात्र ती अजून ‘रश’च आहे.

माझी इंजिनिअरिंगची एक वर्गमैत्रीण तिकडे स्थायिक आहे. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला. “अगं, आमची लेक रशला बसणार म्हणते. तू कॉलेजात शिकवतेस ना, मग सांग, हे हॉस्टेल आहे, क्लब आहे की रॅगिंग?” मी अल्गोरिदम शिकवते, इतिहास हा माझा विषय नव्हे. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचले त्यात इतिहास निघाला, आणि शेवटी अल्गोरिदमही निघाला. त्याचेच हे टिपण.

आधी तिच्या प्रश्नाचे उत्तर. सोरॉरिटी म्हणजे विद्यार्थिनींची सभासदसंस्था. नाव ग्रीक अक्षरांचे, मुख्यालय राष्ट्रीय पातळीवर, आणि एकेका कॅम्पसवर तिची शाखा, म्हणजे ‘चॅप्टर’. अनेक ठिकाणी शाखेचे स्वतःचे मोठे घर असते. तिथे काही सभासद राहतात, बाकीच्या जेवायला आणि बैठकांना येतात. वर्गणी भरपूर असते आणि सभासदत्व जन्मभराचे असते. म्हणजे हे थोडे हॉस्टेल आहे, थोडा क्लब आहे. रॅगिंगचा प्रश्न वेगळा. आत गेलेल्या नव्या सभासदांना छळण्याचे प्रकार तिकडेही झाले आहेत, आणि मुलांच्या संघटनांत त्यापायी जीवही गेले आहेत. पण ती दाराच्या आतली गोष्ट झाली. हे टिपण दाराबद्दल आहे : ते कुणी बांधले, कशासाठी, आणि त्यातून कोण आत जाते.

ग्रीक अक्षरे आणि मुलांचे दार

5 डिसेंबर 1776 रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कॅप्पा’ नावाचे गुप्त मंडळ काढले. ग्रीक ब्रीदवाक्याची आद्याक्षरे, गुप्त खूण, वादविवाद असा सगळा थाट. पुढे हे मंडळ हुशार विद्यार्थ्यांना मान देणारी संस्था बनले आणि त्याने गुप्तताही सोडली. पण नमुना राहिला. 1825 ते 1827 या काळात न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात अशी तीन मंडळे निघाली, आणि तिथून ‘फ्रॅटर्निटी’, म्हणजे बंधुमंडळ, ही पद्धत देशभर पसरली. त्या काळची कॉलेजे धार्मिक वळणाची, कडक शिस्तीची. प्रार्थना, पाठांतर, पुन्हा प्रार्थना. मुलांना गप्पा, मैत्री आणि थोडे स्वातंत्र्य हवे होते, ते या मंडळांत मिळाले.

मुलींसाठी कॉलेजेच मोजकी होती. जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावी वेस्लियन या स्त्रियांच्या कॉलेजात 1851 मध्ये ‘अडेल्फियन’ आणि 1852 मध्ये ‘फिलोमॅथियन’ अशी दोन मंडळे निघाली. आजच्या अल्फा डेल्टा पाय आणि फाय म्यू या सोरॉरिटी त्यांच्याच वारस. पण ते कॉलेज फक्त मुलींचे होते, त्यामुळे तिथे मुलांशी सामना नव्हता. खरी गंमत पुढे आहे, सहशिक्षणाच्या कॉलेजांत.

इंडियाना राज्यातल्या ग्रीनकॅसल गावी इंडियाना ॲस्बरी नावाचे विद्यापीठ होते, आजचे डेपॉव. 1867 मध्ये तिथे पहिल्या विद्यार्थिनी आल्या. सगळ्या कॉलेजात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच. मुलांना ते आवडले नव्हते आणि त्यांनी ते लपवलेही नाही. या मुलींतली एक बेटी लॉक. वडील तिथेच गणिताचे प्राध्यापक. एका फ्रॅटर्निटीतल्या मित्राने तिला विचारले, आमचा बिल्ला लावशील का? तिने विचारले, सभासद करून घेणार असाल तर लावते. त्याला ते शक्य नव्हते. बिल्ला मिरवायचा, पण आत यायचे नाही, असा तो मान होता. तिने नाही म्हटले. बिल्ल्याऐवजी त्या मुलांनी तिला केक ठेवायची चांदीची परडी भेट दिली अशी आठवण सांगतात.

27 जानेवारी 1870 रोजी बेटी लॉकने आणखी तिघींना घेऊन ‘कॅप्पा अल्फा थीटा’ स्थापन केली. मुलांच्या मंडळांसारखी घटना, मुलांसारखीच ग्रीक अक्षरे, आणि स्वतःचा बिल्ला. तो बिल्ला लावून त्या मार्चमध्ये वर्गात आल्या. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. वर्गात चारच मुली, प्रत्येक उत्तराकडे टपून बसलेली शंभर मुले, आणि गळ्याशी एक छोटा बिल्ला, की आम्ही एकेकट्या नाही. इलिनॉय राज्यातल्या मॉनमथ कॉलेजात बारा मुलींनी 1867 मध्येच ‘आय. सी. सोरोसिस’ हे मंडळ काढले होते. तेच पुढे ‘पाय बीटा फाय’ झाले. त्याच मॉनमथमध्ये 1870 मध्ये ‘कॅप्पा कॅप्पा गॅमा’ निघाली. एकेका गावात एकेक मंडळ, आणि कारण सगळीकडे एकच.

सुरुवातीला या मुलीही आपल्या मंडळाला ‘फ्रॅटर्निटी’च म्हणत, कारण दुसरा शब्दच रुळलेला नव्हता. सिराक्यूज विद्यापीठातल्या ‘गॅमा फाय बीटा’साठी तिथले लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी 1882 मध्ये ‘सोरॉरिटी’ हा शब्द सुचवला असे सांगतात. लॅटिनमध्ये ‘सोरोर’ म्हणजे बहीण. त्याच सिराक्यूजमध्ये ‘अल्फा फाय’च्या सभासद 1886 मध्ये स्वतःच्या मालकीच्या घरात राहायला गेल्या. मुलींच्या राहण्याची सोय कॉलेजे फारशी करत नव्हती. म्हणून हे घर चैनीसाठी नव्हते, गरजेपोटी होते. नंतरच्या संगमरवरी खांबांच्या घरांचे फोटो बघताना हे आठवत नाही.

फोडाफोड आणि पहिला तह

एका कॉलेजात एकच मंडळ होते तोवर निवडीचा प्रश्न साधा होता. दोन-तीन झाली, आणि नव्या मुली थोड्या. मग चढाओढ लागली. ‘रश’ हा शब्द तिथूनच आला असे मानतात : नव्या विद्यार्थ्यांची आगगाडी आली की जुने सभासद फलाटावर धावत जायचे, सामान उचलायचे, आणि दुसऱ्या मंडळाच्या हाती लागण्याआधी त्यांना आपल्याकडे वळवायचे. आपल्याकडे बसस्टँडवर रिक्षावाले पिशवी धरतात तसे. गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. कॉलेजात नावही न घातलेल्या शाळकरी मुलींकडून वचन घेऊन ठेवले जाई. दुसऱ्या मंडळाची सभासद फोडून आपल्याकडे आणली जाई. या फोडाफोडीला त्यांच्यात वेगळा शब्दही होता.

1891 मध्ये बोस्टनला सात सोरॉरिटींच्या प्रतिनिधी एकत्र बसल्या, पण त्यातून कायमची व्यवस्था उभी राहिली नाही. ती 1902 मध्ये शिकागोला झाली. आज ‘नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स’ या नावाने ओळखली जाणारी आणि 26 सोरॉरिटींची असलेली संस्था हीच. तिच्या पहिल्या कामांतला एक नियम असा : मुलीचे नाव कॉलेजात दाखल होण्याआधी तिला सभासदत्वासाठी विचारायचे नाही.

या नियमाकडे नीट बघा. रशचे आजचे जे विचित्र नियम ऐकून हसू येते, ते सगळे याच घराण्यातले. ठराविक काळात जुन्या सभासदांनी नव्या मुलीशी बोलायचे नाही, तिला भेटवस्तू द्यायची नाही, ‘तुला आम्ही घेणारच’ असा शब्द द्यायचा नाही. हा सोरॉरिटीसोरॉरिटींतला तह आहे. नव्या मुलीला न्याय मिळावा हा त्याचा हेतू दुय्यम होता. मुळात तो शेजारणीने आपली माणसे पळवू नयेत यासाठी होता.

बिल्ल्याची दुसरी बाजू

आता अवघड भाग. मुलांनी दार लावले म्हणून ज्यांनी आपले दार बांधले, त्यांनी ते कुणासाठी उघडे ठेवले?

राष्ट्रीय सोरॉरिटी गोऱ्या प्रॉटेस्टंट मुलींच्या होत्या. काहींच्या घटनेत तसे लिहिलेले होते. इतरांना लिहायची गरजच पडत नव्हती, कारण निवड सभासदांच्या मर्जीवर होती. ज्यू मुलींनी 1909 मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात ‘अल्फा एप्सिलॉन फाय’ काढली. कॅथलिक मुलींसाठी 1912 मध्ये मिशिगन विद्यापीठात ‘थीटा फाय अल्फा’ निघाली. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाच्या एका मोठ्या केंद्रात, 15 जानेवारी 1908 रोजी ‘अल्फा कॅप्पा अल्फा’ आणि 13 जानेवारी 1913 रोजी ‘डेल्टा सिग्मा थीटा’ स्थापन झाल्या. डेल्टाच्या संस्थापक 22 मुली. स्थापनेनंतर दोन महिनेही झाले नव्हते तोच, 3 मार्च 1913 रोजी वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चात त्या चालल्या. कमला हॅरिस यांचे नाव तुम्हाला माहीत आहे. चेन्नईकडच्या श्यामला गोपालन यांची ही मुलगी हॉवर्डमध्ये शिकताना अल्फा कॅप्पा अल्फाची सभासद झाली. या सोरॉरिटींची सभासद निवडण्याची रीत वेगळी आहे. ऑगस्टमधला घरोघरचा रश त्यांच्याकडे नाही.

काही कॉलेजांनी हे प्रकरण मुळातूनच थांबवले. बर्नार्डने 1913 मध्ये नवीन सभासद घ्यायला बंदी केली. स्टॅनफर्डच्या विश्वस्तांनी 1944 मध्ये सोरॉरिटीच बंद केल्या. तिथे मुलींची संख्या वाढली होती, सोरॉरिटीच्या जागा मोजक्या होत्या, आणि दर वर्षी बाहेर राहिलेल्या मुलींचे दुःख साऱ्या कॅम्पसला दिसत होते. त्या 1970 च्या दशकात परत आल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर घटनेतली वर्णाची कलमे हळूहळू गेली. पण कलम गेले म्हणून रीत गेली असे होत नाही, हे भारतातल्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. 1956 मध्ये ‘सिग्मा कॅप्पा’च्या कॉर्नेल आणि टफ्ट्स इथल्या शाखांनी कृष्णवर्णीय मुलींना घेतले. त्यानंतर राष्ट्रीय मुख्यालयाने त्या दोन्ही शाखांचीच मान्यता काढून घेतली. विद्यार्थिनी तयार होत्या, वरच्या मंडळी तयार नव्हत्या. ही जोडी लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

यंत्र कसे चालते

आता माझ्या आवडीचा भाग. आठवडाभराच्या रशचा आराखडा साधारण असा : पहिल्या फेरीत प्रत्येक मुलगी कॅम्पसवरच्या सगळ्या, किंवा बहुतेक, घरांत जाते. वीसेक मिनिटे गप्पा, मग पुढचे घर. रात्री मुली आपली पसंती नोंदवतात आणि प्रत्येक घर आपली यादी करते. दुसऱ्या दिवशी मुलीच्या हातात येते ती दोन्हींचा मेळ घातलेली यादी. घरे फेरीगणिक कमी होत जातात. शेवटच्या ‘प्रेफरन्स’ फेरीत सहसा दोनच राहतात. मग मुलगी क्रम लिहून सही करते. ही सही बंधनकारक असते. ज्या घराचे नाव लिहिले त्याचे आमंत्रण, म्हणजे ‘बिड’, आले आणि तिने ते नाकारले, तर त्या कॅम्पसवर तिला पुढच्या वर्षीच्या रशपर्यंत थांबावे लागते.

मैत्रिणीला मी हे फोनवर समजावत होते तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे कांदेपोहेच की!” अगदी तसेच. वरवर हवापाण्याच्या गप्पा, आणि दोन्हीकडे मनात हिशेब. राजकारण, धर्म, पैसा, दारू आणि मुले हे विषय टाळायचे असा संकेत आहे. मग उरते काय? कपडे, गाव, आईवडील, सुट्टीत कुठे गेलात. आणि या चार गोष्टींतूनच घरची परिस्थिती सर्वांत चटकन कळते.

‘कोटा’ हा शब्दही इथे भेटेल, पण आपल्या अर्थाने नव्हे. समजा 1,000 मुली आहेत आणि 10 घरे, तर प्रत्येक घराचा कोटा साधारण 100. लोकप्रिय घराने 300 मुली उचलू नयेत आणि लहान घर उपाशी राहू नये यासाठी ही मर्यादा. पुन्हा तोच घराघरांतला तह.

शेवटच्या दिवशी मुलींच्या याद्या आणि घरांच्या याद्या जुळवायची पद्धत पॅनहेलेनिकने 1920 च्या दशकाच्या अखेरीस स्वीकारली. तेव्हा संगणक नव्हता. कार्डांचे गठ्ठे टेबलावर मांडून बायका ते काम करत. आता आठवा : 1962 मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी ‘स्थिर जोडणी’चा अल्गोरिदम मांडला. स्थिर म्हणजे असे, की एकमेकांना जास्त पसंत असलेली कोणतीही जोडी जोडायची राहून गेलेली नाही. आपली जोसाची इंजिनिअरिंग जागावाटपाची पद्धत याच कल्पनेवर उभी आहे. 1991 मध्ये सुसान माँगेल आणि ॲल्विन रॉथ यांनी ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये सोरॉरिटी रशवर शोधनिबंध लिहिला. हेच रॉथ 2012 मध्ये शॅप्ली यांच्यासोबत नोबेलचे मानकरी झाले. त्यांना काय आढळले? कार्डांची ती पद्धत नेहमी स्थिर उत्तर देतेच असे नाही. सगळ्यांनी खरी पसंती पूर्ण लिहिली तर ती मध्येच अडकूही शकते. मग इतकी वर्षे चालली कशी? कारण बऱ्याच मुली पूर्ण यादी लिहीतच नव्हत्या. एकच नाव लिहीत. हे घर, नाहीतर कुठलेच नाही. कॅम्पसच्या बोलीत याला ‘आत्मघात’ म्हणत. नियमातली उणीव मुलींनी आपल्या अंगावर जोखीम घेऊन भरून काढली होती.

2003 च्या सुमारास आणखी एक गणित आले. ज्या घराकडे मुली नेहमीच परत येतात, त्या घराने पहिल्याच फेऱ्यांत जास्त मुलींना मोकळे करायचे. हेतू असा, की शेवटपर्यंत खोट्या आशेवर राहून रिकाम्या हाताने परतणाऱ्या मुली कमी व्हाव्यात. तसे झालेही. पण त्यामुळे नकार लवकर, घाऊक आणि सोमवारी सकाळी येतो.

जोसा आणि रश यांच्यात एक मोठा फरक आहे, तो वर्गात मी मुद्दाम विचारते. जोसामध्ये संस्थेची पसंती म्हणजे रँक, आणि रँक सगळ्यांना दिसते. आपल्या परीक्षांवर माझे आक्षेप आहेत, ते असोत. पण तुम्हाला जागा मिळाली नाही तर का मिळाली नाही ते आकड्यात कळते. रशमध्ये घराची यादी बंद खोलीत होते. यंत्र दोन याद्या चोख जुळवते. याद्या कशा झाल्या हे ते विचारत नाही.

2013, अलाबामा

अलाबामा विद्यापीठाचे दार अडवून राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस स्वतः उभे राहिले ती तारीख 11 जून 1963. व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना त्या दिवशी केंद्र सरकारच्या बळावर प्रवेश मिळाला. त्याला पन्नास वर्षे झाली त्या सप्टेंबरात ‘क्रिमझन व्हाइट’ या तिथल्या विद्यार्थी वृत्तपत्राने एक बातमी छापली. उत्तम गुणांच्या, विद्यापीठाशी घरोबा असलेल्या कुटुंबातल्या एका कृष्णवर्णीय मुलीला रशमध्ये पारंपरिक सोरॉरिटींपैकी एकाही घराचे बिड मिळाले नव्हते. बातमीत आपली नावे देऊन बोलल्या त्या सोरॉरिटीतल्याच विद्यार्थिनी. त्यांचे म्हणणे, आम्हाला ती हवी होती, माजी सभासदांनी अडवले. 1956 ची तीच जोडी.

शिफारसपत्रांचा, म्हणजे आपल्या भाषेत वशिल्याचा, रस्ता इथे उघड होतो. कितीतरी सोरॉरिटींत नव्या मुलीसाठी एखाद्या माजी सभासदाचे पत्र लागे. सभासदाच्या मुलीला किंवा बहिणीला ‘लेगसी’ म्हणून झुकते माप मिळे. जिच्या आजीला 1950 मध्ये आत घेतलेच नसते, तिच्यासाठी पत्र लिहिणार कोण? वर्णाचे कलम काढून टाकले तरी वशिल्याचा कागद तेच काम करत राहतो, आणि कुणालाच उघडपणे नाही म्हणावे लागत नाही.

कॅम्पसवर मोर्चा निघाला. विद्यापीठाच्या अध्यक्ष जुडी बॉनर यांनी निवड पुन्हा खुली करायला लावली, आणि काही कृष्णवर्णीय मुली आत गेल्या. 2020 नंतर अनेक राष्ट्रीय सोरॉरिटींनी लेगसीचे झुकते माप काढले, पत्रांची अटही सैल केली. 2021 मध्ये याच अलाबामाच्या मुलींनी रोजचे कपडे टिकटॉकवर दाखवले आणि ‘बामा रश’ जगभर पाहिला गेला. पडद्यावर दिसला तो कपड्यांचा भाग. याद्यांची खोली नेहमीप्रमाणे बंद होती.

आपल्याकडून तिकडे गेलेल्या कुटुंबांच्या मुलींनीही जुनाच मार्ग धरला. 1998 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जेमतेम महिन्याभरात, ऑस्टिनला ‘कॅप्पा फाय गॅमा’, ह्यूस्टनला ‘डेल्टा फाय ओमेगा’ आणि न्यूयॉर्कला ‘सिग्मा सिग्मा रो’ अशा तीन दक्षिण आशियाई सोरॉरिटी निघाल्या. पुन्हा ग्रीक अक्षरे, पुन्हा स्वतःचा बिल्ला.

माझ्या मैत्रिणीच्या लेकीने मात्र मोठ्या रशमध्येच नाव घातले होते. पहिल्या फेरीनंतर निम्म्याहून जास्त घरे गेली. तिसऱ्या दिवशी ती खोलीत रडत बसली होती आणि आई इकडे मला विचारत होती, “काय कमी आहे गं हिच्यात?” रविवारी लिफाफा उघडला. शेवटच्या दोन घरांपैकी तिने दुसऱ्या क्रमांकावर लिहिलेले घर निघाले. दुसरी पसंती म्हणजे चांगले की वाईट, असे मैत्रीण विचारू लागली. मी तिला उलट विचारले, लेकीने यादीत नावे किती लिहिली होती?

“दोन्ही,” ती म्हणाली.